एकोणीस बागांची एक नोंद

‘तुमच्या नोंदीचा एका रुग्णालयात उपयोग झाला. आभारी आहोत.’

कालिंदी बोरस्ते हिच्या फोनवर हा संदेश उमटला, त्या वेळी ती पॅकहाउसमध्ये द्राक्षांचे घड निवडणाऱ्या बायकांच्या रांगेपाशी उभी होती. शेजारच्या गावांतील नोंदणीकार बायकांना, त्यांची नोंद एखाद्या डॉक्टरने उघडली की, असे संदेश अधूनमधून येत आणि त्या ते कौतुकाने एकमेकींना दाखवीत. कारण त्याचा अर्थ असा होई की, कुठेतरी कुणी फवारणीच्या विषाने पडला आणि आपण भरलेल्या माहितीमुळे डॉक्टरांना नेमका उपाय करता आला. कालिंदीला तो प्रथमच आला होता. तिने भरलेली नोंद खोटी होती. आणि संदेशाखाली ज्या बागेचे नाव होते, ती बाग तिचीच होती. सकाळी त्या बागेत फवारणीचा ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर घेऊन तिचा नवरा दामोदर गेला होता.

ती हातमोजे न काढता बाहेर धावली आणि स्कूटर घेऊन तालुक्याच्या रस्त्याला लागली.

विषकोश नावाची जी व्यवस्था त्या वर्षांत राज्यभर रूढ झाली होती, तिच्यामागचा विचार निर्दोष होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कोणत्या बागेवर कोणते विष, केव्हा आणि किती फवारले, ही माहिती पूर्वी दुकानदाराच्या स्मरणात, शेतकऱ्याच्या खिशात आणि कंपनीच्या कपाटात विखुरलेली असे. विषबाधा झालेला माणूस दवाखान्यात आला की त्याचे नातलग ‘औषध मारत होता’ एवढेच सांगत, आणि डॉक्टर अंदाजाने उपचार करीत. विषकोशाने हे सर्व एका ठिकाणी आणले. प्रत्येक डब्यावर चिन्ह आले, ते कोणताही फोन वाचू शके. प्रत्येक फवारणी नोंदली जाई. आणि ती नोंद डॉक्टर, शेजारी, ग्राहक, शाळेतला मुलगा, कुणालाही पाहता येई. विष लपवण्याचा अधिकार कुणालाच असू नये, हे तत्त्व कोण नाकारील?

विषकोशाच्या जोडीला विषहारक यंत्र आले. विषाच्या रेणूला विशिष्ट आकार असतो. तो आकार ठाऊक असेल, तर त्याला आपल्या पोकळीत धरून ठेवील आणि रक्ताबाहेर नेईल, असे प्रथिन घडवता येते. तालुक्याच्या दवाखान्यातले यंत्र तासाभरात ते घडवी. मात्र हे प्रथिन शरीराला परके. पहिल्या खेपेला शरीर ते सोसते, पण दुसऱ्या खेपेला त्याला शत्रू समजून असा उठाव करते की, रोगी विषाआधी उपचारानेच दगावतो. म्हणून मात्रा एकदाच द्यायची, आणि म्हणूनच विषाचे नाव चुकून चालायचे नाही. विषकोशात नाव खात्रीने सापडल्याखेरीज यंत्र चालू होऊ नये, असा नियम झाला. आणि नाव जर आधीच नोंदलेले असते, तर ते रक्तात पुन्हा शोधायचे कशाला, असा हिशेबी प्रश्न विचारून तालुक्यातल्या तपासणीच्या प्रयोगशाळा बंद करण्यात आल्या.

जे सर्वांना दिसते ते परदेशातल्या खरेदीदारालाही दिसते, हा विचार मात्र कुणी शेवटपर्यंत केला नव्हता. कादवा नदीच्या काठावरच्या त्या गावात एकोणीस बागांचा माल एकाच कंटेनरमध्ये जाई. एका बागेच्या नोंदीत एखादे वावगे नाव दिसले की सगळा कंटेनर अडे. दोन हंगाम असे झाल्यावर गटाचे पुरुष खंडोबाच्या देवळात जमले. त्यांनी बेलभंडारा उचलला आणि ठरवले की, यापुढे कुणी आपापली नोंद करायची नाही. गटाची नोंद एकच, निर्मळ, परवानगीतल्या औषधांची. ती एकोणीस ठिकाणी सारखीच भरण्याचे काम गटाची नोंदणीकार म्हणून कालिंदीकडे आले. प्रमाणपत्राच्या शुल्कात बायकांना सवलत असल्यामुळे सगळ्या बागा विषकोशात बायकांच्या नावावर होत्या. दर आठवड्याला कालिंदी दारोदार जाई, चहा घेई, आणि प्रत्येकीचा अंगठा टॅबलेटवर टेकवून घेई. काय लिहिले आहे, हे कुणी विचारीत नसे.

यंदा काढणीच्या तोंडावर घडांत पिठ्या ढेकूण शिरला. परवानगीतल्या औषधांना तो दाद देईना. गटाचे अध्यक्ष साहेबराव, म्हणजे दामोदरचे थोरले भाऊ, कुठूनसे पांढरे कॅन घेऊन आले. लेबले खरवडलेली होती. ढेकूण दोन दिवसांत मेला. नोंद नेहमीसारखी निर्मळ राहिली.

*

दामोदर खाटेवर होता, पण तो तिच्याकडे पाहत नव्हता. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती आणि दंडाचे स्नायू कातडीखाली किड्यांसारखे वळवळत होते. ब्लोअरचा पाइप जोडापाशी फुटला होता. शेजारच्या बागेतल्या माणसांनी त्याला आणले तेव्हा शर्ट निथळत होता.

डॉक्टर नीळकंठ उपासनी हे सावकाश बोलणारे, प्रत्येक वाक्य पुरे करणारे गृहस्थ होते. त्यांनी टॅबलेट तिच्यापुढे धरला.

“नोंद सापडली आहे. खात्री शंभरात सत्त्याण्णव. तुम्ही संमती द्या, मी यंत्र सुरू करतो.”

“करू नका,” कालिंदी म्हणाली.

“बाई, वेळ नाही.”

“ती नोंद खोटी आहे, डॉक्टरसाहेब.”

“कशावरून म्हणता?”

“मीच भरली आहे.”

उपासनींनी तिच्याकडे पाहिले, मग खाटेकडे. “तरीच,” ते म्हणाले. “नोंदीतल्या औषधानं माणूस असा पडत नाही. मी लक्षणांवर चुकत असेन, असं मघापासून स्वतःला समजावत होतो. मग खरं काय मारलं?”

“मला माहीत नाही. माझ्या दिरांना माहीत आहे.”

“मग विचारा. जुनी औषधं चालू केली आहेत, त्यांनी थोडा वेळ निघेल. दुपार टळेपर्यंत. त्यानंतर श्वासाचे स्नायू थकतील.”

साहेबराव कंटेनरबरोबर बंदराच्या वाटेवर होते. फोन उचलला तेव्हा मागे ट्रकांचा घोष होता.

“दादा, पांढऱ्या कॅनमध्ये काय होतं?”

“कोण ऐकू राहिलंय?”

“कोणी नाही. ह्यांना दवाखान्यात आणलंय. पाइप फुटला. सगळं अंगावर आलं.”

“शुद्धीवर आहे का?”

“नाही.”

“कालिंदी, हे बघ. संध्याकाळी माल बोटीवर चढतो. तोवर डॉक्टरांना म्हणावं, सलाईन चालू ठेवा.”

“ह्यांच्याजवळ संध्याकाळ नाही, दादा.”

“एकोणीस घरांचं वर्ष आहे त्या कंटेनरमध्ये. मी देवाचा भंडारा उचललाय.”

“मग तुम्हीच सांगा, आईंना मी काय सांगू? भंडाऱ्यापायी भाऊ घालवला म्हणून सांगू?”

साहेबरावांचा आवाज एकदम लहान झाला. “फेन्डोरान. बंद झालेलं आहे. विकणाऱ्यानं कानात सांगितलं, कागदावर नाही. सगळ्या नदीकाठानं यंदा हेच मारलंय. पण तू ते कुठं भरू नको. तोंडानं सांग डॉक्टरांना. तोंडानं सांगितलेलं कुठं दिसत नाही.”

तिने तोंडाने सांगितले. उपासनींनी ते नाव यंत्रात घातले. क्षणभराने पडद्यावर उत्तर आले: एकोणीस सुसंगत नोंदींशी विरोध. विश्वासार्हता अपुरी.

“ह्याचा अर्थ काय?” कालिंदीने विचारले.

“अर्थ असा की, यंत्राच्या मते एकोणीस साक्षीदार एका बाजूला आहेत आणि तुम्ही एकट्या दुसऱ्या बाजूला.”

“पण ते एकोणीस म्हणजे मीच.”

“ते यंत्राला कसं कळावं?”

“तुमच्या सहीनं नाही होत?”

“होत असे. डॉक्टर घाईत नाव चुकवतात, असा अहवाल निघाला आणि तो अधिकार काढला. अहवाल खोटा नव्हता. म्हणून तर मला भांडता आलं नाही.”

“कॅनच्या तळाशी थोडं उरलं असेल. आणते.”

“आणून मी काय करू? तपासायचं यंत्र इथून उचलून नेलं. जिल्ह्याला पाठवलं, तर उत्तर उद्या येईल.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “एकच वाट आहे. निम्म्याहून अधिक बागांच्या मालकांनी स्वतःच्या अंगठ्यानं नोंद दुरुस्त केली, तर पारडं फिरेल. तुमचा एक धरला, तर आणखी नऊ. मात्र दुरुस्ती त्या क्षणी सगळ्या जगाला दिसेल. कंटेनर थांबेल. हे मी तुम्हाला आधीच सांगितलं पाहिजे.”

कालिंदीने स्वतःचा अंगठा टेकवला. नंतर नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. ते घामाने थबथबले होते. ती निघाली.

*

पॅकहाउसमध्ये काम थांबले होते. तिच्या आधी साहेबरावांचा फोन तिथे पोहोचला होता. बायका कात्र्या हातात धरून तिचीच वाट पाहत होत्या. थंड हवेत द्राक्षांचा आंबूस गोड वास होता. समोर साहेबरावांची बायको, कालिंदीची थोरली जाऊ शेवंता, डोक्यावरची कागदी टोपी हातात चुरगळत उभी होती.

कालिंदीने जे होते ते सांगितले. आवाज चढवला नाही. खोटे कोणी भरले, खरे काय होते, कुणाकुणाच्या बागेत मारले गेले, आणि आता काय हवे आहे, हे तिने सरळ सांगितले आणि टॅबलेट फळीवर ठेवला.

पहिल्यांदा बोलली ती मंदा गाडे. तिची बाग गटात सर्वांत मोठी होती.

“तुझ्या नवऱ्याला बरं वाटावं, कालिंदे, आम्हाला काय नको आहे का? पण तुझा एक माणूस आणि आमची अठरा घरं. बंदी आली तर दोन वर्षं माल गावाबाहेर जायचा नाही. पोरीचं लग्न धरलंय मी.”

“तुझ्या बागेतसुद्धा तेच मारलंय, मंदा.”

“मारलं. पण माझा पाइप फुटला नाही ना.”

“उद्या फुटला, तर तुझ्या माणसासाठी यंत्र हेच खोटं औषध करील. मी लिहिलेलं.”

“उद्याचं उद्या.”

“बाप्यांनी भंडारा उचललाय,” दुसरी एक म्हणाली. “शपथ मोडली की घराला लागते.”

तेव्हा रांगेच्या टोकाशी खुर्चीवर बसून मणी कातरणारी हौसाबाई मोगल हिने मान वर केली. वयाने सर्वांत वडील, आणि बोलायला सर्वांत तिखट.

“भंडारा उचलायला तू गेली होती का गं?”

“मी कशी जाईन? बाप्यांची बैठक होती.”

“मला बोलावलं होतं का? हिला? तिला?” तिने कात्री खाली ठेवली. “बागा आपल्या नावावर, अंगठा आपला, आणि शपथ त्यांची. मग ती शपथ मोडायची, तर त्यांनी मोडायची. मला देवानं विचारलं, तर मी सांगेन, बाबा, मी कधी उचललीच नाही.”

कुणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

“आजी, पण पैसे,” मंदा म्हणाली.

“पैसे जातील. माझेसुद्धा जातील. तुला काय वाटलं, मी जहागीरदार आहे?” हौसाबाई हातमोजा ओढीत कालिंदीकडे वळली. “आण ते. खोटं लिहिलं तेव्हा चहा पिऊन अंगठा घेतलास. आज बिनचहाचा घे.”

तिचा अंगठा टेकला. सूचनेचा बारीक आवाज झाला. मग एक पुढे आली, मग आणखी एक. कुणी नवऱ्याला फोन लावायला बाहेर गेली आणि परत आलीच नाही. कुणी रडत अंगठा दिला. मंदा हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकली. कालिंदी प्रत्येक आवाज मोजत होती. मोजण्याचा तिला तिटकारा आला होता, पण मोजल्यावाचून गत्यंतर नव्हते. तिचा स्वतःचा धरून नऊ झाले आणि रांग संपली. उरल्या त्या सगळ्या मंदाच्या बाजूला उभ्या होत्या. मधोमध शेवंता होती.

“आक्का,” कालिंदी म्हणाली.

“माझ्याकडं बघू नको.”

“एकच राहिलाय.”

“मला मोजता येतं.” शेवंताने टोपी फळीवर टाकली. “तुला कळतं का, तू काय मागू राहिली? डबे कुणी आणले, हे पहिलं विचारतील. ह्यांना बेड्या पडतील. बाकीच्यांचा माल जाईल, माझा माणूस जाईल.”

“माझा मरू राहिलाय, आक्का.”

“ठाऊक आहे मला.” तिचा आवाज फाटला. “मी लग्न होऊन आले, तेव्हा दामूभावजी एवढासा होता. माझा पदर धरून शाळेच्या फाट्यापर्यंत यायचा, आणि तिथं पोरं हसतील म्हणून सोडायचा. तू मला सांगू नको तो कोण आहे.”

फळीवर टॅबलेटचा पडदा अंधारला. कालिंदीने बोटाने तो पुन्हा उजळला. पुन्हा अंधारला, पुन्हा उजळला. बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबला, माल उतरवायला कुणी नाही म्हणून हॉर्न वाजवू लागला. उन्हाची तिरीप दारातून आत सरकून शेवंताच्या पायांपाशी आली. ती तिथेच उभी होती, आणि त्या बाईच्या मनात कोणते दोन पुरुष कोणत्या पारड्यात बसले होते, हे तिला कुणी विचारले नाही.

अखेर तिने नवऱ्याला फोन लावला. दोघी जावा कानाला कान लावून ऐकत होत्या.

“द्यायचा का?” शेवंताने एवढेच विचारले.

पलीकडे समुद्राचा वारा होता. उत्तर आले नाही. फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही.

“नाही म्हणत नाहीत,” शेवंता म्हणाली, आणि अंगठा टेकवला.

*

दहाव्या अंगठ्याबरोबर विषकोशाचे मत फिरले. दवाखान्यात उपासनींच्या पडद्यावर फेन्डोरान हे नाव खात्रीने उमटले आणि यंत्र चालू झाले. त्याच घटकेला बंदरावर कंटेनर अडवला गेला आणि त्याचा दरवाजा मोहोरबंद झाला. माहिती वाटली जाते तेव्हा ती कुणाला आधी आणि कुणाला मागून, असा भेद करीत नाही. हाच तिचा गुण म्हणून सांगितला गेला होता.

यंत्राला त्याचा तास लागलाच. कालिंदी आणि शेवंता पोहोचल्या, तेव्हा मात्रा दामोदरच्या शिरेतून जात होती. उपासनी खाटेपाशी उभे होते. रक्तातले विष उतरत होते, हे पडद्यावरची रेघ दाखवीत होती. ती रेघ सुरेख, एकसारखी खाली येत होती. परंतु श्वासाचे स्नायू दुपारीच थकले होते आणि बराच वेळ मेंदूला हवा पुरेशी मिळाली नव्हती. नळीने छाती वर-खाली होत होती एवढेच. मग हृदयही थकले. उपासनींनी दोन्ही हातांनी छाती दाबली, पुष्कळ वेळ दाबली, आणि नंतर त्यांनी हात काढले.

“औषध बरोबर होतं,” ते म्हणाले. त्यांना पुढचे वाक्य पुरे करता आले नाही.

शेवंता खाली बसली. तिने दामोदरचा पाय पदराने पुसला; टाचेला बागेतली माती तशीच होती. “तासभर मी उभी होते,” ती म्हणाली. “तिथं उभी होते मी, कालिंदी.”

कालिंदीने तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही आणि तिला दूरही केले नाही. तिला वाटले, आपण दर आठवड्याला घेतलेल्या त्या सगळ्या चहांचे कप आपल्यापुढे मांडून ठेवले आहेत. साहेबरावांचे चार फोन येऊन गेले होते. मंदाच्या नवऱ्याचे किती आले, ते तिने पाहिले नाही. बाहेर व्हरांड्यात गावातली माणसे जमू लागली होती, आणि त्यांत रडायला आलेले कोण आणि जाब विचारायला आलेले कोण, हे आवाजावरून ओळखता येत नव्हते.

तिच्या हातातला फोन थरथरला. संदेश होता. तिने तो एकदा वाचला. मग डोळे पुसून पुन्हा वाचला.

“कोण आहे?” शेवंताने वर पाहिले. “ह्यांचा का?”

“नाही. विषकोशाचा.”

“काय म्हणतो?”

कालिंदीने मोठ्याने वाचले. “तुमच्या नोंदीचा एका रुग्णालयात उपयोग झाला. आभारी आहोत.” खाली दुसऱ्याच तालुक्याचे नाव होते, नदीच्या खालच्या अंगाचे, रुग्ण स्त्री, वय एकतीस, विष फेन्डोरान.

उपासनी दारातून मागे वळले.

शेवंता पदराचे टोक हातात धरून तशीच बसली होती. “वाचली का ती?” तिने विचारले.

कालिंदीने पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला.

“ते ह्यात लिहीत नाहीत, आक्का.”